पेकनच्या झाडापाशी

आर्डेलियाबाईंनी दारामागे हात घातला, तो रिकामाच परत आला. त्यांनी दार पुढे ओढलं आणि वाकून कोपऱ्यात पाहिलं. केरसुणी होती, गेलेल्या नवऱ्याची, होझियाची छत्री होती. दोन्हींच्या मधे भिंतीवर तेलाचा एक उभा डाग तेवढा उरला होता.

“व्हर्लीन.”

“गाडीत आहे,” स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला. “डिकीत. कुलूप लावलंय.”

व्हर्लीन सकाळीच मेम्फिसहून गाडी चालवत आली होती. येताच तिने आईला मिठी मारली, दोघींसाठी अंडी केली, कॉफी ओतली. मग आई मागे कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, तेवढ्यात तिने बापाची दुनळी बंदूक उचलून नेली.

“माझ्या घरातली वस्तू, मला न विचारता?”

“विचारलं असतं तर दिली असतीस?”

आर्डेलियाबाई खुर्चीत बसल्या. गावातल्या मुलांच्या दोन पिढ्यांना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारायची खोड व्हर्लीनने त्यांच्याकडूनच उचलली होती.

“मी काही गोळी घातली नाही त्याला,” त्या म्हणाल्या.

“रोखलीस ना?”

“हाक न मारता आला. तिन्हीसांजेला. सरळ पायरीवर पाय. हाक न मारता कोण येतं कुणाच्या घरी?”

“सगळेच, आई. आता सगळे तसेच येतात.”

पलीकडच्या घरात राहायला आलेला जेरेल अटलांटाचा. आपल्याच काळ्या लोकांपैकी, तरुण, एकटा. शेजारी म्हातारी एकटी राहते असं कळलं म्हणून झाकणाच्या भांड्यात तळलेले मासे घेऊन आला होता. दोन नळ्या छातीसमोर पाहिल्यावर त्याने भांडं पायरीवर ठेवलं, हात वर केले आणि पाठ न फिरवता मागे मागे रस्त्यापर्यंत गेला. ओरडला नाही. त्यानंतर त्या दिसल्या की तो रस्ता ओलांडून जाई, आणि तो दिसला की आर्डेलियाबाई पडदा सोडत.

व्हर्लीन लहान होती तेव्हा काळ्या माणसांची मतदार म्हणून नावनोंदणी करायला आलेली दोन कॉलेजातली पोरं याच घरात उतरली होती. ते न खपणाऱ्या गोऱ्यांच्या, दिवे मालवलेल्या गाड्या रात्री समोरून जायच्या. त्यातली एक खुद्द शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची असायची, त्यामुळे तक्रार करायची तर कुणाकडे हा प्रश्न उरला नव्हता. होझिया आणि लाकूड गिरणीतली माणसं आळीपाळीने बंदुका घेऊन ओसरीवर बसत. आपल्यातलं कुणी आलं, तर त्याने रस्त्याकडेच्या अक्रोडासारख्या पेकनच्या झाडापाशी थांबायचं. स्वतःचं नाव सांगायचं, मग आईचं नाव सांगायचं. नाव कुणीही चोरील, आईचं नाव गावातल्यालाच ठाऊक. ओसरीवरून ‘ये’ आलं, की मगच पाऊल टाकायचं.

पुढे गाड्या थांबल्या, पण रीत राहिली. नुसती कॉफी प्यायला आलेला माणूसही झाडापाशी थांबून हाक मारी. त्यात थट्टा शिरली. कुणी बायकोचं नाव सांगे, कुणी सासूचं, आणि होझिया मुद्दाम उशिरा ‘ये’ म्हणे. मग हाका कमी होत गेल्या. होझिया गेला. शेवटी राहिला तो म्हातारा लुशियस. काठी टेकत झाडापाशी थांबून तो स्वर्गवासी आईचं नाव सांगत असे. गेल्या हिवाळ्यात त्यालाही पुरलं. आर्डेलियाबाई अजून संध्याकाळी ओसरीवर बसत, कान झाडाकडे ठेवून.

“तुला कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तू लहान होतीस.”

“मला? मला तू लोखंडी टबात झोपवायचीस. गोळी भिंतीतून आली तर लागू नये म्हणून. अंथरूण टाकून, वर तुझा कोट. अजून मी टबात बसून अंघोळ करत नाही. नवरा हसतो मला.”

“वाचलीस ना पण.”

“वाचले.” व्हर्लीन समोर येऊन बसली. “बाबांच्या बंदुकीनेच वाचले. मी कुठे नाही म्हणतेय?”

“दुकानदार काडतुसं देईना आपल्याला. गोऱ्यांच्या प्रत्येक ट्रकमध्ये मागे बंदूक टांगलेली असायची, ते ठीक. आपली माणसं चर्चपुढे बंदुका घेऊन उभी राहिली, त्याच महिन्यात गावच्या सभेला आठवलं की बंदुकांसाठी कायदा हवा. तोवर कुणाला सुचलं नव्हतं. आणि आता तू न्यायला आलीस.”

“मी त्यांच्यातली नाही, आई.”

“मग कुणी सांगितलं तुला इथलं? पोलिसांनी केला फोन?”

“पोलिसांनी नाही. जेरेलने.”

आर्डेलियाबाईंनी मान वर केली.

“पाद्रीबाबांकडे जाऊन माझा नंबर मागून घेतला. फोनवर पहिलं वाक्य काय बोलला माहिती? ‘तुमच्या आई बऱ्या आहेत, घाबरू नका.’”

“माझ्यावर बंदूक रोखली असती कुणी, तर मी पोलिसांना बोलावलं असतं.”

“खरंच बोलावलं असतंस?”

कोंबड्या मागच्या दाराशी येऊन कुरकुरत होत्या. आर्डेलियाबाईंनी मेजावरचा नसलेला चुरा तळव्याने गोळा केला.

“ते आले असते,” व्हर्लीन हळू म्हणाली. “दोन गाड्या, चार माणसं. हाक न मारता ओसरीवर चढले असते. आणि तू दारात असतीस, बाबांची दुनळी घेऊन. त्यांनी तुझं वय विचारलं असतं? तुझ्या आईचं नाव विचारलं असतं?”

आर्डेलियाबाईंनी दारामागच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं.

“हे त्याने सांगितलं?”

“नाही. मी विचारलं, पोलिसांना का नाही कळवलंत. तो म्हणाला, ‘ताई, ते तुम्हालाही माहीत आहे.’ बस, एवढंच.”

आर्डेलियाबाई उठल्या. कपाटावरचा पिठाचा डबा खाली घेतला, त्यातून काडतुसांचं खोकं काढलं, झग्याच्या टोकाने त्यावरचं पीठ पुसलं आणि ते लेकीपुढे ठेवलं.

“हेही ने.”

मग त्यांनी फळीवरचं जेरेलचं भांडं घेतलं. ते कधीचंच धुऊन ठेवलेलं होतं. सोललेल्या पेकनच्या बिया त्यांनी त्यात काठोकाठ भरल्या.

“मी येते बरोबर,” व्हर्लीन म्हणाली.

“तू इथेच थांब.”

ऊन अजून पुष्कळ होतं. जेरेलच्या घरापुढे झाड नव्हतं, पत्रपेटीचा खांब होता. आर्डेलियाबाई त्याच्यापाशी थांबल्या. भांडं दोन्ही हातांनी पुढे धरलं, हात घरातून दिसतील असे. घसा साफ केला. आयुष्यभर त्या हाका ऐकत आल्या होत्या, ‘ये’ म्हणत आल्या होत्या. रस्त्यावर उभं राहून हाक मारायची त्यांची ही पहिलीच वेळ.

“मी आर्डेलिया,” त्यांनी मोठ्याने सांगितलं. “कॅली प्रुइटची मुलगी.”

पडदा हलला. दार थोडं उघडलं. जेरेल पायमोज्यांवर उभा होता, एक हात कडीवर.

“बाई? काय झालं?”

“काही नाही.”

त्या जागच्या हलल्या नाहीत. तो वाट पाहत राहिला, त्याही वाट पाहत राहिल्या. रस्त्यापलीकडे व्हर्लीन गाडीला टेकून उभी होती.

“आता तू ‘या’ म्हणायचं असतं,” त्या म्हणाल्या. पहिलीतल्या पोराला पाटीवर हात धरून शिकवावं, तशा आवाजात. “त्याशिवाय मला पुढे येता येत नाही.”

जेरेलने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“घाई नाही,” त्या म्हणाल्या.