यकृताचा अर्क

सायली गावातल्या रंगाच्या कारखान्यात भिका अकरा वर्षं पिवळ्या पावडरीच्या विभागात काम करत होता. गाव शिरपूरजवळचं, बिऱ्हाड कारखान्याजवळच्या टोकरखाड्यात. एका सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. आत केमिस्ट सुवर्णा एकटीच होती.

"मॅडम, लघवी लाल होतेय. दोन दिवस झाले. दुखत काहीच नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"घरची म्हणते उष्णता झाली. धने-जिऱ्याचं पाणी देतेय."

सुवर्णाने त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. दुर्बिणीने पाहिल्यावर मूत्राशयात बोराएवढी गाठ दिसली.

मग तिने पावडरीची फाइल काढली. पुरवठादाराचा दाखला होता : उत्परिवर्तन चाचणी, म्हणजे पावडरीने जनुकं बदलतात का ही तपासणी, निगेटिव्ह. खाली पाच वर्षांपूर्वीची तिचीच सही. आणि बारीक अक्षरात एक ओळ, जी तेव्हा तिने वाचलीच नव्हती : चाचणी यकृताच्या अर्काविना केली आहे.

ती दाखला घेऊन प्लांटचे प्रमुख प्रमोद यांच्याकडे गेली.

"निगेटिव्ह लिहिलंय की," ते म्हणाले.

"ते नुसत्या पावडरीबद्दल, सर. अंगात गेल्यावर यकृत तिचं दुसरंच रसायन करतं. ते डीएनएला चिकटलं, तर पेशी दुभागताना नक्कल चुकते. अर्क न घालता चाचणी केली, तर ते रसायन तयारच होत नाही."

"भिका बिडी ओढतो. त्यानेही गाठ होते."

"होते. म्हणूनच पुन्हा चाचणी करून घेऊ."

प्रमोद यांनी होकार दिला. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे वापरतात ते जिवाणू वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाहीत, म्हणून ते नसलेल्या प्लेटवर वाढत नाहीत. जनुकात नेमका बदल झाला, तरच वाढतात. अर्काविना प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंचे बावीस ठिपके आले. तेवढे आपोआपही येतात. उंदराच्या यकृताचा अर्क घातलेल्या प्लेटवर चारशेच्या वर आले.

अहवाल वाचून प्रमोद यांनी स्वतः विभागात जाऊन काम थांबवलं. पावडर हाताने ओतणं कायमचं बंद झालं. तिथल्या तेराही जणांची तपासणी झाली. त्यांतल्या सुकदेवच्या लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं.

भिकाची गाठ काढली. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहायचं ठरलं. त्याला पॅकिंगच्या कामावर घेतलं, तिथे सुवर्णा त्याला भेटायला गेली.

"भिकाभाऊ, तो दाखला मीच मंजूर केला होता. पूर्ण न वाचता."

भिकाने खोक्यावर पट्टी चिकटवली.

"नीट वाचला असता, तर मला झालं नसतं?"

"सांगता येत नाही. पण पाच वर्षं तरी तुम्ही ती पावडर हाताळली नसती."

"सुकदेवचं काय?"

"लवकर कळलं. डॉक्टर म्हणतात, बरा होईल."

"बरं झालं." त्याने पट्टी दाताने तोडली. "मॅडम, हे माझ्या घरचीला, बायडाबाईला मात्र सांगू नका. ती तुम्हाला सोडणार नाही. आणि मी तिला गप्प बस म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून सुवर्णाने कपाटातल्या सगळ्या फाइली एकेक करून पुन्हा वाचायला घेतल्या. महिनाभरात अर्काविना केलेल्या चाचणीचे आणखी दोन दाखले निघाले.