चिलरचा बदली

हरेश्वर सकाळी दुकानात शिरला तोच पिशव्या घेऊन. मासे भरायच्या जाड पिशव्या, रबरबँडचा डबा, ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर. मला म्हणाला, "साडेबारापर्यंत बघतो. नाही जमलं तर टाकी रिकामी करून सगळं दादरच्या दुकानात."

"हात तर लावून दाखव," मी म्हटलं.

"ए, माझ्या आत्याचं दुकान आहे."

"आणि टाकी माझी आहे."

आत्या म्हणजे राधामावशी. भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिचं फिशटँकचं दुकान. कोळीण बाई. तिची आई मासे कापून विकायची, ही जिवंत विकते. हरेश्वरने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. टाकीवरचा कंट्रोलर त्याने बसवला, ते खरं. पण खाऱ्या पाण्याची ती पाच फुटी टाकी उभी केली मी. नववीत बाईंनी मला डस्टर फेकून मारलं, मी तेच उचलून परत मारलं, तिथे शाळा संपली. तेव्हापासून चौदा महिने मी दुसरं काही केलेलंच नाही. मीठ मोजायचं, पाणी मुरवायचं, कोरलचा एकेक तुकडा दगडावर चिकटवायचा आणि तो जगतो का बघत बसायचं. कोरल झाडासारखं दिसतं पण प्राणी असतो. हलवलेलं त्याला सहन होत नाही. मागे हरेश्वरने पाच नेले दादरला, तीन वितळले. वितळले म्हणजे खरोखर, पाण्यातल्या साबणासारखे.

पाणी सव्वीस डिग्रीला ठेवायचं. एकोणतीसच्या वर गेलं की संपलं. बाहेर मे महिना. पाणी गार करायला चिलर असतो, फ्रिजसारखा, आणि तो कधी चालवायचा, लाटांचे पंप कधी फिरवायचे, हे कंट्रोलर ठरवतो. लाल आकड्यांचा डबा. तोच टाकीचा मेंदू. आणि आज गल्लीतली केबल बदलायची म्हणून नऊ ते पाच लाईट नाही.

राधामावशीने दिराचा जनरेटर मागवला होता वरळीवरून. त्यांच्याकडे हळदीला लावतात तो. त्याच्यावर अख्खी गल्ली नाचते, एक टाकी काय चालणार नाही?

नाही चालली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दोरी ओढली. दिवे लागले, पंप फिरले. मग डब्याने चिलर चालू केला. इंजिनने हूं करून दम टाकला, लाल आकडे गायब. डबा मेला म्हणून चिलर बंद, पंप बंद. अंगावरचं ओझं गेलं तसं इंजिन बोंबलत सुटलं. डबा पुन्हा जागा झाला, चार मिनिटं मोजली, कारण चिलरला लगेच परत चालू करत नाहीत. मग पुन्हा चिलर, पुन्हा हूं, पुन्हा अंधार. दहाला पाणी सत्तावीस. साडेदहाला सत्तावीस पॉइंट सहा.

हरेश्वरने कॉम्प्युटरचा यूपीएस मध्ये लावला, डबा त्याच्यावर. यूपीएस टीं टीं करत बसला.

"काय झालं याला?"

"जनरेटरचा करंट वरखाली होतोय. यूपीएस घेतच नाहीये. स्वतःच्या बॅटरीवर चाललाय."

"किती वेळ चालेल?"

"वीस मिनिटं." चालला सतरा.

माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, इंजिन रिकामं राहतं म्हणून नखरे करतं ना? मग त्याला कायमचं काम देते. वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंची इस्त्री आणली, लावली. इंजिन खरंच शांत झालं. मी हरेश्वरकडे बघून मान उडवली. तेवढ्यात चिलर चालू झाला, इस्त्रीच्या वर चिलर, दोघांचं ओझं एकदम. इंजिन गुदमरून बंदच पडलं. परत चालू केलं, तर इस्त्री तापली म्हणून स्वतःच कट झाली, इंजिन उधळलं, चिलर येताच डबा मेला.

"कपडे पण आण," हरेश्वर म्हणाला. "निदान इस्त्री तरी होतील."

मी हातातला टेस्टर त्याच्या पायाशी फेकला. लागला नाही. लागायला पाहिजे होता.

"गो बाय, भांडू नको," राधामावशी म्हणाली. ती टाकीच्या काचेवर ओले पंचे लावत होती, जणू तापच आलाय टाकीला. "पानी बघ आधी."

अठ्ठावीस पॉइंट तीन. फुलासारखं उघडं असायचं ते मोठं हिरवं कोरल मुठीसारखं मिटून बसलं होतं. हरेश्वरने पहिली पिशवी झटकून उघडली. साडेअकरा झाले होते.

तेव्हा बाबा आले, माझा जेवणाचा डबा घेऊन. बाबांना कमी ऐकू येतं. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात नऊ वर्षं काढली, तिथेच कान गेले. ओठ बघून बोलणं समजतात आणि स्वतः ओरडून बोलतात. मी त्यांना म्हटलं, ठेवा डबा नि जा, डोकं नका खाऊ. ते गेले नाहीत. बाजूला पडलेल्या इस्त्रीचं काय ते राधामावशीला विचारून घेतलं. जनरेटरपाशी उकिडवे बसले आणि हँडलवर तळवा ठेवला. दोन फेऱ्या तसेच बसून राहिले. चिलर आला, इंजिन गुदमरलं. चिलर गेला, इंजिन उधळलं.

"गो रखमा," ते ओरडले, "हेचो खाडो पडता तेव्हा बदली खंय हा?"

हरेश्वर हसला. माझ्या कानशिलात आग झाली. आमच्या चाळीत बदली म्हणजे काय ते मला विचारा. कायम कामगार रजेवर गेला, त्याचा खाडा पडला, की जॉबर, म्हणजे मुकादम, गेटवर ताटकळलेल्या बदल्यांतला एक आत घ्यायचा. बाबा नऊच्या नऊ वर्षं बदलीच राहिले. संपात लोकांची नोकरी गेली, बाबांना तर जायला नोकरीच नव्हती. आई चिडली की अजून तोच शब्द तोंडावर मारते. आणि हे इथे, या डिप्लोमावाल्यासमोर, स्वतःच बोलतायत.

"बाबा, गिरणी नाहीये ही!"

"माका म्हायत हा." त्यांनी तळवा उचलला नाही. "जॉबराक रिकामो साचो बघवत नसे. खाडो पडलो की बदली भितर. कायम इलो की बदली भायेर. दोघे एका साच्यार कधी उभे रवले? तुया त्या इस्त्रीक भायेर काढलंस खंय?"

मी इस्त्रीकडे वळून बघितलं.

दोघं एका वेळी नाही. चिलर आत, तर दुसरा बाहेर. चिलर बाहेर, तर दुसरा त्याच क्षणी आत. इंजिनला कळताच कामा नये की माणूस बदलला.

"हऱ्या, रिले आहे तुझ्याकडे? दोन बाजूंचा?"

"कशाला?"

"आहे की नाही ते सांग!"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग चिलरकडे. डिप्लोमा फुकटचा नव्हता, दोन सेकंदांत त्याच्या डोक्यात उजेड पडला. पिशवी खाली टाकली आणि बॅग उपसायला लागला. "एकच आहे. चिलरचा लोड घेईल."

जनरेटरबरोबर हळदीच्या मांडवातले दोनशे वॅटचे पिवळे बल्ब आले होते, पाटीभर. मी दोन घेतले. दोन मिळून जवळजवळ चिलरएवढं खातात. जनरेटर बंद केला. हरेश्वर वायरी सोलत होता, मी स्क्रू आवळत होते, आणि दोघांपैकी कोणीच शिवी दिली नाही. डब्याने चिलर मागितला की रिलेचा खटका इकडे पडणार, चिलर चालू. नाही मागितला की तिकडे, बल्ब चालू. बारा वाजून वीस. पाणी अठ्ठावीस पॉइंट आठ.

मी दोरी ओढली.

बल्ब भकाभक पेटले. दुकान हळदीच्या मांडवासारखं पिवळं झालं. इंजिन एका सुरात. डबा जागा झाला आणि चार मिनिटं मोजायला लागला. इतकी लांब चार मिनिटं मी मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेरसुद्धा काढली नव्हती. राधामावशी एकवीरेचं नाव घेत होती. बाबा डोळे मिटून, तळवा हँडलवर.

खट्.

बल्ब विझले. चिलर घुरघुरला. लाल आकडे एकदा थरथरले.

आणि राहिले.

"राहिला!" हरेश्वर ओरडला. "राहिला गं, राहिला!"

बाबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. त्यांना हातातून कळलं होतं.

मग खाली, खाली, खाली. एक वाजता अठ्ठावीस. दोनला सत्तावीस पॉइंट दोन. हरेश्वर पिशव्यांवर बसून माझ्या डब्यातली भाकरी खात होता, मी खाऊ दिली. सव्वातीनला सव्वीस. आता चिलर जाणार होता, खरी परीक्षा तीच. खट्. चिलर बाहेर, बल्ब आत. इंजिनने साधा श्वाससुद्धा बदलला नाही. मी इतक्या जोरात किंचाळले की केबलच्या खड्ड्यातली माणसं वर डोकी काढून बघायला लागली.

"काय झालं ताई?"

"बदली लागला!" मी म्हटलं.

त्यांना काय समजलं देव जाणे. त्यातल्या एका म्हाताऱ्याने हात वर करून दाखवला.

हरेश्वरने वहीत सर्किट काढलं. वर नाव लिहायला थांबला. "लोड ट्रान्सफर..." असं काहीतरी सुरू केलं होतं. मी पेन ओढून घेतलं आणि मराठीत लिहिलं, ठळक: चिलरचा बदली. बाबांनी वाचलं. मग वही दोनदा परत मागून बघितली.

पाच वाजून दहा मिनिटांनी खड्ड्यातून आवाज आला, लाईट आली. गल्लीतले पंखे फिरायला लागले. राधामावशी म्हणाली, "बंद कर बाय आता तो जनरेटर. कान किटले."

हिरवं कोरल पाकळी पाकळी करून उघडत होतं. डब्यावर सव्वीस पॉइंट एक. पुढची खट् यायला अजून मिनिटभर होतं.

"थांब गं मावशी," मी म्हटलं. "एकदा अजून बघू दे."