रस्ता कोणी ठरवायचा

"रिपोर्ट पाठवला म्हणता, मग गेला कुठे? माझ्या पेशंटचे ठोके चुकतायत!"

वॉर्डातल्या सिस्टरचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. लॅबमधला तंत्रज्ञ रिसीव्हर धरून समोर उभ्या प्रोग्रामरकडे बघत राहिला. हॉस्पिटलची सगळी सॉफ्टवेअर या प्रोग्रामरने लिहिलेली. सगळे त्याला 'मास्तर' म्हणत.

बाहेर रस्ता खोदताना मुख्य केबल तुटली होती. तरी इतर सगळं सुरळीत होतं. राउटरनी क्षणात दुसरी लाइन धरली होती. अडकले होते फक्त लॅबचे रिपोर्ट. कारण त्याला लगेच कळलं.

प्रोग्राम लिहिताना त्याने त्यातच ठरवून टाकलं होतं, रिपोर्ट मुख्य लाइननेच जातील. नेटवर्क सांभाळणारी त्याची सहकारी तेव्हा म्हणाली होती, "अरे, कुणाला पाठवायचं एवढंच तू सांग. कुठल्या रस्त्याने, ते राउटरवर सोड. रस्ता बंद पडलेला त्याला दिसतो, तुझ्या प्रोग्रामला नाही."

"तू वायरी सांभाळ, डोकं मी लावतो," तो भर मीटिंगमध्ये म्हणाला होता. सगळे हसले होते. तीही कसनुशी हसली होती.

त्याने घाईघाईने ती ओळ काढून टाकली. तुंबलेले रिपोर्ट धडाधड सुटले. पण तोवर सिस्टर स्वतः धावत येऊन कागद घेऊन गेली होती. पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं आणि उपचाराला उशीर झाला होता.

संचालक आले. "काय झालं होतं?"

"खोदकामात केबल तुटली, सर."

खोटं नव्हतं ते. सहकारी दारातच उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली.

"शाबास मास्तर, पटकन निस्तरलंत!" संचालकांनी पाठ थोपटली. ते गेल्यावर तीही निघून गेली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो वॉर्डाकडे गेला. सिस्टर म्हणाली, "जीव वाचला. शुद्ध नाही अजून."

बाहेर बाकावर पेशंटची म्हातारी बायको बसली होती. "तुम्ही डॉक्टर का हो?"

"नाही आजी. कंप्युटरचं काम करतो."

"दमलेले दिसताय. बसा घटकाभर." मांडीवरची पिशवी सावरत ती बाकावर सरकली.

रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत तो तसाच उभा राहिला.