गंगम्माबाईंची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. मला कुणी शिकवलं नाही. वर्गात उभ्या उभ्या ऐकून शिकले. तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगते.

अहमदपूरच्या खाजामियाँ सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. तिथून या गावच्या शाळेत गंगम्माबाईंच्या वर्गात आले, ती त्यांचीच झाले. गेल्या वर्षी बाई वारल्या. तेव्हापासून माझ्यावर कुणी बसत नाही. पण वर्ग रिकामा झाला, की माझ्यावर वजन येतं. मी करकरते. कोण आहे, विचारत नाही.

बाईंच्या जागी वर्षाराणी आली. बारा वर्षं नोकरी झालेली, वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण चालू. प्रमाणपत्रासाठी स्वतःच्या तासाचा व्हिडिओ पाठवायचा, मध्ये कुठं न कापता. पोरगी घाबरली. भाकरी मोडून अपूर्णांक शिकवायचा गंगम्माबाईंचा गाजलेला पाठ तिनं जशाला तसा उचलला आणि आठवडाभर लेकरांकडून घोकून घेतला.

त्या दिवशी हेडमास्तर मृत्युंजय सरांनी मोबाइल धरला. वर्षाराणीनं भाकरी मोडली. ती तोंड उघडायच्या आत वर्ग ओरडला, "अर्धी!" पुन्हा मोडली. "चतकोर!"

"मॅडम, प्रश्न तर इचारा की!" सर हसले.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"कामून रे? मी इचारायच्या आधीच?"

"बाई इचारतेत न," पाचवीतली सादिया म्हणाली.

"कोणत्या बाई?"

सगळी लेकरं माझ्याकडं बघायला लागली.

सरांनी मोबाइल माझ्याकडं वळवला. वर्षाराणी पांढरीफटक पडली, पण पळाली नाही. पदर खोचून आली आणि माझ्यावर बसली.

"आता इथं मी हाय. सांगा, काय कळलं न्हाई?"

 सादिया उठून म्हणाली, "बाई, चतकोर लिव्हताना खाली चार लिव्हतो. अर्ध्याला दोन. चार मोठे न? मग चतकोर बारकी कशी?"

गंगम्माबाईंच्या पाठात हा प्रश्नच नव्हता.  वर्षाराणीनं अर्धी आणि चतकोर सादियाच्या हातात दिली आणि गप्प बसली.

"हे पुसून टाकू, मॅडम," सर पुटपुटले. "उद्या नवीन काढू."

"न्हाई सर. हाच पाठवायचा."

पाठवला. निकाल यायचाय.

तपासणाऱ्या साहेबांनो, वर्षाराणी गप्प बसली म्हणून तिथंच बंद करू नका. सादिया दोन तुकडे उलटेपालटे करून बघतेय, तेवढं बघा. आठवडाभर या वर्गात मी मेलेल्या बाईची उत्तरं ऐकली. हा एक प्रश्न जित्या लेकराचा आहे. त्याला नापास करू नका.