सोडलेला ठोका

एक

मी एक जुना ड्रम आहे आणि मला पुढे सरकायची खोड आहे. खोड आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, कारण माझी सगळी कहाणी तिच्यामुळेच घडली.

बँडमध्ये सगळ्यांत मोठा, जमिनीवर आडवा ठेवलेला, पायाने वाजवतात तो ड्रम तुम्ही पाहिला असेल. तो मी. लाकडाचे सहा पातळ थर वाकवून एकावर एक चिकटवले, साच्यात आवळून ठेवले, आणि मी गोल झालो. दोन्ही तोंडांवर पडदे ताणले. खाली दोन तिरके पाय लावले आणि पायांना रबरी टोपणं घातली. सुरुवातीला मी एका शाळेत कवायतीला वाजत होतो. मग नवा ड्रम आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे छताखालचा एक पाईप गळायचा. थेंब नेमका माझ्या पडद्यावर पडायचा. तीन वर्षं मला वाजवणारा तेवढाच एक.

दोन

तो पाईप दुरुस्त करायला प्लंबरदादा आले. त्यांनी आधी गळती थांबवली, मग मला पालथं घालून पाणी काढलं, पाठीवर थाप मारली आणि कान लावला.

"अरे, तू तर जिवंत आहेस की!" ते म्हणाले.

मुख्याध्यापक म्हणाले, "न्या बुवा, जागा तरी मोकळी होईल."

माझ्या पेडलचा खुळखुळा झाला होता. दादांनी त्यात नळाचा वॉशर बसवला. तो अजून आहे.

त्याच शाळेत गणिताच्या बाई होत्या. रिकाम्या वर्गात वह्या तपासताना त्या गात असत. दादा दारात थबकले. "बाई, एवढा गोड आवाज आणि तो फळ्याला ऐकवता?"

"मग काय नळाला ऐकवू?" बाई मान वर न करता म्हणाल्या.

अशी ओळख झाली. दादांचे मित्र पोस्टमन गिटार वाजवायचे. तिघांचा बँड झाला आणि आम्ही दर शनिवारी संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये वाजवू लागलो. बार ही मोठ्यांची जागा, मित्रांनो. मी तिथे बावीस वर्षं काढली, पण एक थेंब घेतला नाही. माझ्या नशिबी आले ते सगळे थेंब त्या पाईपचे.

तीन

आमचं एक लाडकं गाणं होतं. चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पत्राचं. पोस्टमननीच रचलेलं. त्याची चाल संथ, पण माझे ठोके जोरकस. बारची फरशी गुळगुळीत, माझी टोपणं झिजलेली. प्रत्येक ठोक्याला मी केसभर पुढे सरकायचो. पहिलं कडवं संपेपर्यंत मी दादांच्या पायापासून लांब गेलेला असायचो. मग दादा पुढे वाकत, माझी कड धरत आणि मला मागे ओढत. तेवढ्यात एक ठोका राहून जाई. एकच. लगेच बाई दुसरं कडवं उचलत.

बाई आणि पोस्टमन लोकांकडे तोंड करून उभे असत. पाठीमागे काय चालतं ते फक्त मला आणि दादांना ठाऊक.

एकदा पोस्टमननी कुठूनसा गालिच्याचा जाड तुकडा आणला. "हे घे, तुझ्या ढोल्याच्या पायाखाली घाल. लई डुगडुगतो." मी गालिच्यावर गच्च बसलो. त्या शनिवारी दादांनी सगळे ठोके वाजवले, एकही न सोडता. आणि बाई अडखळल्या. भरल्या बारमध्ये दुसरं कडवं त्यांना उचलताच येईना. त्यांचे कान लाल झाले.

सगळे गेल्यावर दादा माझे स्क्रू सैल करत हळूच म्हणाले, "त्यांची काही चूक नाही रे. बाकी सगळीकडे मोजत असतील, पण या सुटलेल्या ठोक्यावर त्या मोजत नाहीत. इथे त्या श्वास घेतात."

पुढच्या शनिवारी मी तसूभरही हललो नव्हतो. तरी दादांचा हात आला. माझ्या कडेवर नुसता टेकला आणि ठोका सुटला. बाईंनी कडवं अलगद उचललं. दादांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. बाईंना वाटायचं, गाणंच असं आहे.

चार



एक

वरची जागा रिकामी दिसली ना, मित्रांनो? ती चूक नाही. त्या जागी दादा गेले. एका सोमवारी सकाळी, कुणाच्या तरी घरचा नळ बसवता बसवता. त्यावर मला याहून जास्त वाजता येत नाही.

चार महिने मी बारच्या कोपऱ्यात पडून होतो. माझ्यावर रिकामे ट्रे ठेवत. मग एका दुपारी दादांची मुलगी मला न्यायला आली. ती नर्स आहे. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि फरशी नुकतीच पुसलेली होती. बाई आणि पोस्टमन निरोप द्यायला आले होते.

"सुताराशी बोललेय मी," ती म्हणाली. "वर काच बसवली की छान टेबल होईल. बाबा रोज डोळ्यांसमोर राहतील."

टेबल! माझे पडदे काढणार. माझ्या पोटात मासिकं ठेवणार.

"न्यायच्या आधी एकदा वाजव आमच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "पत्राचं गाणं. जमलं तर बँड पुढे चालवू. नाही जमलं तर आजपासून बंद."

मुलीला वाजवता येत होतं. दादांनीच शिकवलं होतं. ती बसली. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी बाई अडकल्या. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं, तरी चुकल्या.

"काकू, मी बरोबरच वाजवतेय," मुलगी रडवेली झाली.

"बरोबरच वाजवतेस गं," पोस्टमन म्हणाले, "पण काहीतरी नाहीये."

बाई खाली बसल्या. "माझंच वय झालं. तीस वर्षं पोरांना मोजायला शिकवलं आणि मला चारपर्यंत मोजता येईना. ने पोरी, ने त्याला."

मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंडं दोन असून बोलता येत नव्हतं.

मुलीने माझ्याखालचा गालिचा काढून गुंडाळला. मग काय वाटलं कोण जाणे, ती परत बसली. "एकदाच. बाबांसाठी."

मी उघड्या फरशीवर होतो. ती ओली होती. ठोक्यामागे ठोका पडला आणि मी सरकलो. मुद्दाम की फरशीमुळे, ते मला विचारू नका. कडवं संपलं तेव्हा तिचा पाय पेडलला पुरेना. ती वाकली, माझी कड धरली आणि मला ओढलं.

ठोका सुटला.

बाईंनी कडवं उचललं.

गाताना त्या वळल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गाण्याच्या मध्ये मागे पाहिलं. त्यांना माझ्या कडेवरचा हात दिसला. गाणं मात्र थांबलं नाही. संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो प्लंबर, सांगायचं तरी."

पोस्टमन चष्मा पुसत होते. "आणि मी मूर्ख गालिचा घेऊन आलो."

दोन

सुताराला मुलीने नाही कळवलं. ड्यूटी नसेल त्या शनिवारी ती येते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. धूळ पुसा, ओल लागू देऊ नका, पेडलला तेल घाला. पण त्यांची एखादी खोड दिसली, तर ती मोडण्याआधी जरा थांबा. त्या खोडीवर कुणीतरी श्वास घेत असेल.

माझ्या पायाखाली आता पुन्हा गालिचा आहे. मी अजिबात सरकत नाही. तरी पत्राच्या गाण्यात, पहिलं कडवं संपताना, एक हात येतो. दादांच्या हातापेक्षा लहान, साबणाचा वास येणारा. तो माझ्या कडेवर टेकतो, आणि आम्ही सगळे एक ठोका गप्प राहतो.