इंदू म्हणे

अनुपने पाठवलेला व्हिडिओ देवरावांनी सकाळचा चहा घेता घेता उघडला, तेव्हा त्यांच्या मनात राग नावालाही नव्हता. अनुप त्यांचा भाचा, अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीला. त्याची आई, म्हणजे देवरावांची थोरली बहीण इंदूबाई, जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम अकोल्यात ठेवला होता. व्हिडिओखाली अनुपने लिहिलं होतं, 'मामा, आईचं आवडतं गाणं. स्वैपाक करता करता हेच गुणगुणे. प्रोग्रामले ह्याच गायकाले बोलावून राहिलो.'

पेटी वाजली, ढोलकी लागली आणि पहिल्याच ओळीला देवरावांच्या हातातला कप थांबला.

माय वेचे कापूस, मी वेचे अक्षर...

झालं. अमरावतीतलं ते दोन खोल्यांचं घर, खिडकीतून येणारा रस्त्याचा गोंगाट, समोरचं वर्तमानपत्र, सगळं बाजूला सरलं. नांदगाव खंडेश्वराजवळचं कोणा दुसऱ्याचं शेत दिसायला लागलं. कमरेला वटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची लुगड्याची ओटी, बांधून ओळीनं पुढे सरकणारी माय, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाटी घेऊन बसलेली इंदू आणि तिच्या पाठीला पाठ टेकून पेंगणारे ते स्वतः. कापसाच्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, ती माय दातांनी काढायची. ते गाण्यात नव्हतं. पण गाणं सुरू झालं की तेही यायचं.

गाणं इंदूचं होतं. लग्नाआधी ती बायकांच्या गायन पार्टीत गायची आणि पार्टीची बरीच गाणी तीच रचायची. कागदावर काही मांडत नसे. भाकरी थापता थापता ओळ जुळवायची आणि धाकट्या भावाला म्हणायला लावायची. देवराव लहानपणी अडखळत बोलत. शाळेत पोरं चिडवत, म्हणून ते बोलायचंच टाळत आणि पुस्तकात तोंड खुपसून बसत. इंदूने त्यांच्या अडखळण्याचा आपल्या कामासाठी उपयोग करून घेतला. जी ओळ देवरावांच्या तोंडून न अडता निघेल ती ठेवायची, अडली तर मोडायची. 'तुह्या जिभेवर बसली तं कोनाच्याई जिभेवर बसते,' असं ती म्हणे आणि स्वतःच हसे. या गाण्याची प्रत्येक ओळ देवरावांच्या तोंडातून जाऊन आलेली होती.

म्हणूनच दुसऱ्या ओळीला त्यांना काहीतरी टोचलं. इंदूची ओळ होती, 'दोघींची वटी भरली गं'. गायक म्हणत होता, 'दोघांची झोळी भरली रं'. असेल, ऐकण्यात चूक झाली असेल, असं देवराव स्वतःला म्हणाले. स्वतःवर शंका घेण्याची त्यांना जन्माची सवय. पुढचा अंतरा आला. माय म्हणे, लेका, काळी तुझी पाटी... लेका? माय तर 'लेकी' म्हणाली होती. 'कायी तुही पाटी, तिच्यातच माहं शेत गं,' असं म्हणाली होती.

आणि मग शेवटचा अंतरा.

गायन पार्ट्यांत एक रीत आहे. शेवटच्या अंतऱ्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं. गाणारा दुसऱ्या पार्टीचा असो, स्पर्धेतला असो, भांडलेला असो, तो ते नाव घेतोच. इंदूने आपल्या गाण्यात तर नावाचीच गोष्ट केली होती. शाळेत नाव घालताना मायने कागदावर आंगठा दिला होता, आणि पुढे लिहिता येऊ लागल्यावर पोरीनं एक दिवस त्याच कागदावर आपलं नाव लिहिलं होतं.

इंदू म्हणे, माये, लिहलं म्या नाव
तुह्या आंगठ्याच्या वर गं

व्हिडिओतला माणूस डोळे मिटून, हात छातीवर ठेवून गात होता, 'चंद्रभान म्हणे, माये, लिहिलं मी नाव'.

देवरावांनी फोन टेबलावर आपटला. आतल्या खोलीतून त्यांची मुलगी दीपमाला धावत आली. बापाने या घरात वस्तू आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. काय झालं, तिने विचारलं. देवरावांना सांगता येईना. त्यांची जीभ पुन्हा सात वर्षांची झाली होती.

त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात उभी नोकरी केली होती. तिथे कार्डावर आधी लेखकाचं नाव, मग पुस्तकाचं. एखाद्या पुस्तकाचा लेखक सापडला नाही तर ते दिवसेंदिवस बेचैन असत. परक्या माणसांच्या नावांसाठी एवढी काळजी वाहिली, आणि सख्ख्या बहिणीचं नाव कोणी पुसून टाकलं ते त्यांना वर्षानुवर्षं कळलंही नव्हतं. हा राग चंद्रभानवरचा होता तितकाच स्वतःवरचाही.

संध्याकाळी त्यांनी अनुपला फोन लावला. अनुप चांगला पोरगा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की आई गायची हे त्याला ठाऊक होतं, पण रचायची असं ती कधी बोलली नाही. शिवाय गाण्यात नाव चंद्रभानचं आहे, त्याच्या नावावर व्हिडिओ आहे, लाखो लोकांनी पाहिला आहे.

"मामा, तुमची काई गफलत तं नाई ना होऊन राहिली? आईले ते गानं आवडे, म्हनून तुमाले तिचंच वाटत असन."

देवरावांनी फोन ठेवून दिला. रात्रभर ते वाक्य त्यांना कुरतडत राहिलं, कारण तशी शंका त्यांनी स्वतःच आधी घेऊन पाहिली होती. पार्टीतल्या बायका आता राहिल्या नव्हत्या. पुरावा म्हणजे त्यांची एक जीभ, आणि त्या जिभेवर त्यांचाच विश्वास नव्हता. पण 'दोघांची झोळी' आठवलं की डोकं पुन्हा तापायचं. ती चूक इंदूच्या हातून झाली नसती. तो एक शब्दच सांगत होता की ज्याने तो घातला त्याने गाणं रचलं नाही.

रविवारी ते सकाळच्या बसने अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी काय बोलायचं ते मनात पक्कं केलं आणि अकोल्याला उतरेपर्यंत ते सगळं विसरले.

सभागृहाबाहेर मांडव होता. आत बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातलेले, बाजूला इंदूबाईंचा मोठा फोटो, समोर खुर्च्या भरत आलेल्या. चंद्रभान मंचामागे चहा पीत बसला होता. पन्नाशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा, गळ्यात निळा गमछा. देवरावांनी जयभीम घातला. त्यानेही उठून घातला, खुर्ची पुढे केली. इतक्या आदराने वागणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं, हे देवरावांना कळेना. त्यांनी चाचरत, शब्द गिळत सांगितलं की शेवटच्या अंतऱ्यात नाव इंदूचं आहे.

चंद्रभानला धक्का बसला नाही. उलट तो मोकळेपणाने म्हणाला की गाणं त्याने लहानपणी कुठल्याशा जत्थ्यात ऐकलं, कोणा बाईचं नाव होतं खरं त्यात, पण कोणाचं ते लक्षात राहिलं नाही.

"अन् काका, मानसाच्या आवाजात 'इंदू म्हणे' कसं वाटते, तुमीच सांगा. स्टेजवर लोकं हासतात. म्हनून माहं टाकलं. लेकीचं लेका केलं, जमून गेलं."

"अन् वटी?"

"काय वटी?"

"वटीची झोळी काहून केली?"

"दोघांची वटी म्हनलं तं कसं दिसते? मानूस कुठं वटी बांधते? झोळी कशी, सगळ्याइले समजते."

देवरावांचं इतका वेळ अडलेलं वाक्य एकदम बाहेर आलं.

"माही माय वेचाले गेलती. भीक मांगाले नोती गेली."

चंद्रभानने देवरावांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला की वाईट वाटून घेऊ नका, आजचा दिवस ताईंचा आहे, आज मी ताईंचंच नाव घेतो. झालं समाधान? देवरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कार्यक्रम सुरू झाला. वंदना झाली, दोघातिघांनी इंदूबाईंच्या स्वभावाबद्दल सांगितलं. त्या फार प्रेमळ होत्या, हाताला चव होती, वगैरे. गाण्याचा उल्लेख कोणी केला नाही. मग चंद्रभान पेटी घेऊन बसला, आणि मानलं पाहिजे, माणूस गायचा. पहिल्या ओळीला मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. आपापल्या माया त्यांना दिसत असणार. देवरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच त्यांना संताप आला. चोरलेल्या गाण्यानेही रडू यावं, आणि चोराच्याच गळ्यातून यावं.

लेका तसंच होतं. झोळी तशीच होती. शेवटच्या अंतऱ्याला चंद्रभान थांबला, फोटोकडे वळला, हात जोडले आणि उंच सुरात म्हणाला, 'इंदू म्हणे, माये...'

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाने उठून पेटीवर नोट ठेवली. देवरावांच्या शेजारचा माणूस त्यांच्याकडे वाकून कौतुकाने म्हणाला, "पाहा भाऊ, याले म्हनतात कलाकार. यजमानाच्या आईचं नाव कसं बरोबर बसवलं." मंचावर अनुप गहिवरला होता. तो चंद्रभानचे दोन्ही हात धरून आभार मानत होता.

इंदूचं नाव तिच्याच गाण्यात पाहुणं म्हणून आलं होतं. तेही एका दिवसापुरतं, चंद्रभानच्या कृपेनं.

देवराव कधी उठले ते त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा माइक समोर होता आणि टाळ्या विरत होत्या.

"हे नाव ब-बसवलं नाई," ते म्हणाले. आवाज फाटला. कोणीतरी माइकची वायर हलवली. "हे नाव होतंच. बसवलं होतं ते ह्याचं. गानं इंदूचं हाय. माह्या बहिनीचं. तिनं रचलं."

अनुप घाईने जवळ आला, दंडाला धरून हळू आवाजात म्हणाला, मामा, बसा, लोक पाहून राहिले. देवरावांनी दंड सोडवून घेतला.

"पाहू दे. तिच्याकडं कोनी पाहिलं नाई."

"आईनं मले कधी सांगतलं नाई, मामा."

"तू इचारलं होतं?"

अनुपचा चेहरा उतरला. देवरावांना त्याची दया आली नाही. मागाहून येईल, असं त्यांना वाटलं, आत्ता नको. त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं.

"पुन्हा म्हन. पयल्यापासून. 'लेकी' म्हन अन् 'वटी' म्हन."

ढोलकीवाल्याने हात मांडीवर ठेवले आणि चंद्रभानच्या तोंडाकडे बघत बसला. चंद्रभानने घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली, तो माइकपासून तोंड बाजूला नेत म्हणाला. देवराव हलले नाहीत. उभ्या आयुष्यात ते कोणाच्या वाटेत असे उभे राहिले नव्हते. शेवटी अनुपच खालच्या मानेनं बोलला, "म्हना चंद्रभानजी. मामा म्हंतात तसं."

चंद्रभान गायला. पहिल्यांदा अडला, 'वटी'ला सूर चुकला, 'लेकी'ला मागच्या रांगेत कोणीतरी 'हो, अस्संच होतं' म्हणालं. या वेळी शेवटी टाळ्या पडल्या नाहीत, कारण वाजवाव्यात की नाही ते कोणालाच कळेना. देवरावांना ते बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर चंद्रभान पेटीचं कापड बांधत होता. देवराव समोर जाऊन उभे राहिले.

"आता तरी झालं ना काका समाधान?" त्याने विचारलं. आवाजात मघाचा मऊपणा नव्हता.

"आज झालं. उद्या कुठं हाय?"

"उद्या नाई. पुढच्या रविवारी मोर्शीले."

"तिथं काय म्हनशीन?"

चंद्रभानने गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. "पाहू," तो म्हणाला.

"पाहू नको. मी येतो. समोर बसतो."

तो पेटी उचलून निघून गेला. अनुप मागे उभा राहून ऐकत होता. मांडवाचे खांब काढायला माणसं आली होती, तरी तो हलला नाही. त्याने विचारलं, "मामा, खरंच जासान तुमी मोर्शीले?"

"तू बी ये," देवराव रागातच म्हणाले. "अन् आता मले स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवून दे. रस्त्यानं सांगतो तिची बाकीची गानी."