ओच्यातला गूळ

माघाची सोनसळी सकाळ कृष्णेच्या पाण्यावर उतरली होती. आमराई मोहरली होती, मोहराचा मदगंध मांडवाच्या दारातून आत दरवळत होता, सनई ऐन रंगात आली होती. इतकी देखणी सकाळ, आणि नवरी मात्र खिडकीशी पाठमोरी उभी होती, चुडा भरलेल्या हातांत पिवळ्या नऊवारीची घडी धरून.

वैजयंती तिचं नाव. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती मेंदूतली प्रथिनं अभ्यासायची. प्रत्येक प्रथिनाची एक घडी असते, ती नीट पडली तरच ते कामाला येतं, असं विद्यार्थ्यांना हसत हसत शिकवायची. अल्झायमरमध्ये ती घडी चुकते. पेशींबाहेर प्रथिनांच्या गुठळ्या साचतात, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होतो, आणि त्या गुंत्यात एकेक नाव हरवत जातं. तिच्या आईच्या, कुमुदिनीबाईंच्या मनातून दिवाळीपासून वैजूचा चेहराच पुसला गेला होता.

लेकीला नऊवारी आईनंच नेसवायची, ही घरची रीत. वैजूला दागिने नको होते, थाट नको होता. आईचे हात हवे होते. शकूमावशीनं मात्र शिवलेली नऊवारी पिशवीत तयार ठेवली होती.

"ताईला नाही जमलं तर ही पटकन चढव गं. मुहूर्त थांबायचा नाही."

आई आली. तिनं नवरीला कौतुकानं न्याहाळलं.

"कुणाची गं तू? गोड दिसतेस."

वैजूनं पिवळी घडी पुढे केली.

आणि ते हात जागे झाले! कमरेची गाठ बसली. निरीवर निरी चढली. हळदुली निरी, केशरकांतीची निरी, उन्हात न्हालेली निरी. काठाला काठ मिळाला. "चुळबूळ नको, सरळ उभी राहा," असं दटावत आईनं काष्टा खोचला, पदर सावरला. एकही घडी चुकली नाही. मावशीनं पिशवी गुपचूप खाटेखाली सरकवली.

मग आईनं चोरट्या नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. जिरेगुळाच्या ताटातला गुळाचा खडा उचलला आणि नवरीच्या ओच्यात हळूच खोचला.

"भूक लागली की खा. कुणाला सांगू नकोस. नवरीला उपाशी ठेवतात मेले! आमची वैजू तर रडून मांडव डोक्यावर घेईल. उपाशीपोटी तिला काही सुचत नाही."

वैजू रडली आणि हसली, एकाच वेळी. मीच ती, असं सांगावंसं तिला वाटलंच नाही. आईजवळची वैजू अजून सुखरूप होती, भुकेली होती, लाडकी होती. त्या आनंदानं तिचं काळीज काठोकाठ भरलं.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट सरला, अक्षता उधळल्या, आणि नवरदेवानं पाहिलं तर नवरीचे डोळे पाझरत होते, ओठ हसत होते आणि एक गाल चांगला फुगला होता. समोर, पहिल्या रांगेत, आई ओठांवर बोट ठेवून तिला खुणावत होती: कुणाला सांगू नकोस.